एमएचटी-सीईटी पीसीएम: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

दरवर्षी एमएचटी-सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मला तेच फोन येतात. मुलगी हुशार, बोर्डाला पंच्याऐंशीच्या वर, दोन वर्षं क्लास लावलेला, आणि सीईटीला पर्सेंटाइल सत्तरच्या घरात. घरचे म्हणतात पेपर अवघड होता, मुलगी म्हणते वेळच पुरला नाही, आणि खरं सांगायचं तर मुलगी बरोबर असते. मग मी विचारतो की घड्याळ लावून पूर्ण पेपर पहिल्यांदा कधी सोडवला होतास, तर उत्तर येतं "परीक्षेच्या आठ दिवस आधी, आधी सिलॅबस तर पूर्ण व्हायला हवा ना". नेमकं इथेच चुकतं. सिलॅबस पूर्ण झाल्यावर स्पीड बघू म्हणणारी मुलं स्पीडपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून अकरावी संपल्यापासून पेपरच्या दिवसापर्यंतचा क्रम एकदा नीट लिहून काढतोय. हे सगळं इंजिनिअरिंगवाल्यांसाठी म्हणजे पीसीएमसाठी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आहे. पीसीबीवाल्यांनी गणिताच्या जागी बायोलॉजी धरावी, पण तिथे १०० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क असतात, म्हणून गणिताचे वेळेचे आकडे तसेच लावू नयेत.

## टप्पा १: पेपर आधी समजून घ्या

पुस्तक उघडायच्या आधी हे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

फिजिक्स ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. हे दोन्ही मिळून ९० मिनिटं. मग गणित ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, त्याला वेगळी ९० मिनिटं. एकूण २०० मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर कॉम्प्युटरवर. पहिली ९० मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग बंद होतो आणि परत मागे जाता येत नाही, गणिताचा वेळ उरला म्हणून केमिस्ट्रीचं उत्तर बदलू असं होत नाही.

आता भागाकार करा. पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणितात एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डात दोन मार्कांच्या गणिताला आपण स्टेप्स लिहीत चार-पाच मिनिटं आरामात घेतो, आणि ती सवय दोन वर्षं लागलेली असते. ती मोडायला महिने लागतात, आठ दिवसांत मोडत नाही.

वेटेज साधारण असं: अकरावीच्या निवडक धड्यांना २० टक्के, बारावीच्या पूर्ण सिलॅबसला ८० टक्के. म्हणजे प्रत्येक विषयात दहाएक प्रश्न अकरावीचे. त्यातही पेपरचे अर्धे मार्क गणिताचे आणि वेळही अर्धा, पण प्रश्न फिजिक्स-केमिस्ट्रीच्या मिळून निम्मेच असतात, म्हणून २०० पैकी १०० मार्कांचं गणित ज्याचं पक्कं त्याला हा पेपर सगळ्यात जास्त फळतो.

पर्सेंटाइलचा पण घोळ होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या शिफ्टला, म्हणजे परीक्षेच्या तुमच्या सत्राला, समजा २०,००० मुलं बसली आणि त्यातल्या १८,००० मुलांचे मार्क तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी असले (तुम्ही स्वतः धरून) तर तुमचं पर्सेंटाइल ९०. वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर कमीजास्त अवघड असतात म्हणून ही पद्धत. त्यामुळे "माझ्या शिफ्टचं गणित फार टफ होतं" याने रडायचं कारण नाही, ते तुमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच टफ होतं.

सावध: गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. फिजिक्स, केमिस्ट्री मराठीत घेता येतं, गणित नाही. ज्यांचं दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं त्यांनी 'रिस्पेक्टिव्हली', 'ॲट मोस्ट', 'ॲट लीस्ट', 'परपेंडिक्युलर बायसेक्टर', 'कोइन्सिडंट' असे शब्द वहीच्या मागच्या पानावर अर्थासकट लिहून ठेवा. प्रोबॅबिलिटीच्या गणितात 'ॲट मोस्ट टू' म्हणजे शून्य, एक आणि दोन, हे न कळल्यामुळे येत असलेलं गणित चुकतं.

## टप्पा २: कागदपत्रं, आणि ती आत्ताच

अभ्यासाच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण मी हे दुसऱ्या नंबरवर मुद्दाम घेतलंय. पर्सेंटाइल चांगलं आलं आणि सर्टिफिकेट नाही म्हणून ओपनमधून लढावं लागलं अशी मुलं मी डोळ्यांनी बघितलीत, आणि निकालानंतर जून-जुलैमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहून काही होत नाही.

अकरावी संपली की त्याच सुट्टीत हे बघा:

- दहावीचं मार्कशीट, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का. वडिलांचं नाव, आडनाव, मधली जागा, सगळं. आमच्या शेजारच्या मुलाच्या आधारवर आडनावात एक अक्षर जास्त होतं, ते दुरुस्त करायला त्याचा ऐन सराव परीक्षांचा महिना हेलपाट्यांत गेला.
- डोमिसाइल आणि नॅशनॅलिटीचं सर्टिफिकेट.
- राखीव प्रवर्गातून असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटीला वेळ लागतो, कॉलेजच्या पत्रासह अर्ज जातो, म्हणून अकरावीतच टाकलेला उत्तम, निदान बारावीच्या सुरुवातीला तरी टाकाच.
- नॉन क्रिमीलेयर लागत असेल तर ते कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतं ते सर्टिफिकेटवरच वाचा. जुनं घेऊन जाऊ नका.
- ईडब्ल्यूएस असेल तर राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं असतं आणि इथेच बरीच जणं अडकतात.

तपासणी: सगळी कागदपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाइलला नीट नाव देऊन ठेवली का? एक कॉपी मेलवर, एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये. फॉर्म भरताना जो मोबाइल नंबर आणि मेल द्याल तो शेवटच्या ॲडमिशनपर्यंत बदलायचा नाही, आणि तो सायबर कॅफेवाल्याचा तर अजिबात नसावा.

फॉर्म स्वतः भरा किंवा भरताना शेजारी बसा. तारखा दरवर्षी बदलतात, त्या सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या) साइटवर बघायच्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. माहितीपुस्तिका एकदा पूर्ण वाचा, फार तर एक संध्याकाळ जाईल.

## टप्पा ३: पुस्तकं, आणि ती कमीच

बालभारतीचं पाठ्यपुस्तक, एक चांगलं एमसीक्यू (पर्यायी प्रश्नांचं) पुस्तक, आणि जुने शिफ्टनिहाय पेपर. बस. चौथं पुस्तक घेतलं की पहिली तीन अर्धी राहतात.

पाठ्यपुस्तक म्हणजे पूर्ण पाठ्यपुस्तक, फक्त नोट्स नव्हे. केमिस्ट्रीत तर धड्यातल्या रंगीत चौकटी, कोष्टकं, आकृतीखालची ओळ, मध्येच सोडवलेली उदाहरणं इथून सरळ प्रश्न येतात. मुलं क्लासच्या नोट्स पाठ करतात आणि चौकट कधी वाचलेलीच नसते. पुस्तक हरवलं असेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते.

सीबीएसईच्या मुलांनी इथे थांबून नीट वाचावं. तुमचा अभ्यास कच्चा नाही, पण सीईटी राज्य बोर्डाच्या सिलॅबसवर आहे. मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, ग्रीन केमिस्ट्री अँड नॅनोकेमिस्ट्री हे धडे तुमच्या बारावीच्या पुस्तकात मिळणार नाहीत. दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून कोणते धडे वेगळे आहेत याची यादी काढा आणि तेवढे धडे बालभारतीतून करा. हे धडे सोपे आहेत, थोड्या दिवसांत होतात, आणि न केल्यामुळे जाणारे मार्क फुकटचे जातात.

जेईईवाल्यांचं दुखणं उलटं. त्यांना अवघड प्रश्नाची इतकी सवय असते की सोप्या प्रश्नातही काहीतरी फसवणूक असणार असं वाटत राहतं आणि ते दोन-दोन मिनिटं शोधत बसतात. सीईटीत बरेच प्रश्न सरळ असतात. उत्तर आलं की पुढे जा.

## टप्पा ४: अकरावीचे धडे दिवाळीपर्यंत

अकरावीचा पूर्ण सिलॅबस परत करायचा नाही, सीईटीला जे धडे लागतात तेवढेच. गणितात ट्रिगोनोमेट्री, स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, प्रोबॅबिलिटी, फंक्शन्स, लिमिट्स वगैरे, फिजिक्समध्ये मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर्स वगैरे, केमिस्ट्रीत बेसिक कन्सेप्ट्स, स्ट्रक्चर ऑफ ॲटम, बाँडिंग, रेडॉक्स, हायड्रोकार्बन वगैरे. पूर्ण यादी त्या वर्षीच्या अधिकृत सिलॅबसमधून प्रिंट काढून घ्या, कारण एखादा धडा आत-बाहेर होत असतो.

यातला प्रत्येक धडा बारावीच्या कुठल्यातरी धड्याला जोडून करा. अकरावीचं लिमिट्स केलं की लगेच बारावीचं डिफरन्सिएशन. अकरावीची ट्रिगोनोमेट्री आणि मग बारावीचं ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स. अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि बारावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स तर एका आठवड्यातच. असं केलं की अकरावीसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. "अकरावी सुट्टीत करू" म्हणून वेगळी ठेवली की ती शेवटी मार्चमध्ये आठवते, आणि मार्चमध्ये बोर्ड चालू असतं.

सावध: अकरावी पूर्ण सोडून देणारी मुलं स्वतःला समजावतात की २० टक्केच तर आहे. २०० पैकी ४० मार्क म्हणजे किती होतात हे त्यांनी एकदा विचारात घ्यावं.

## टप्पा ५: एक धडा म्हणजे चार फेऱ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली फेरी: धडा वाचायचा, सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः करायची, सूत्रं एका पानावर. एका धड्याला एकच पान, मग अक्षर बारीक झालं तरी चालेल. हे पान शेवटच्या आठवड्यात तुमचं पुस्तक होणार आहे.

दुसरी फेरी: तीस-चाळीस एमसीक्यू, घड्याळाशिवाय. इथे चुकायचं, शोधायचं, सर किंवा मॅडमना विचारायचं.

तिसरी फेरी: दोन दिवसांनी, घड्याळ लावून. फिजिक्स-केमिस्ट्रीचे २० प्रश्न १८ मिनिटांत, गणिताचे १० प्रश्न १८ मिनिटांत. मोबाइलवर १८ मिनिटांचा टायमर लावून ठेवा, तो आकडा अंगात भिनला पाहिजे. टायमर वाजला की पेन खाली, अर्धं गणित राहिलं तरी.

चौथी फेरी: चुकांची वही.

ही वही कशी असते ते दाखवतो, कारण बहुतेक मुलं चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर उतरवून ठेवतात आणि त्याला चुकांची वही म्हणतात. माझ्या भाचीच्या वहीत चार रकाने होते: प्रश्न कुठला, मी काय केलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. 'का चुकलं' या रकान्यात पाचच शब्द वापरायचे असं आम्ही ठरवलं होतं: माहीत नव्हतं, आठवलं नाही, आकडेमोड, नीट वाचलं नाही, वेळ संपला. महिनाभराने मी तिला केमिस्ट्रीची पानं मोजायला सांगितली. तिला वाटत होतं ऑरगॅनिक कच्चं आहे. मोजल्यावर निघालं की सगळ्यात जास्त वेळा 'नीट वाचलं नाही' लिहिलंय, आणि त्यातल्या सात ठिकाणी प्रश्न होता 'खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही' आणि तिने बरोबर असलेलं पहिलं विधान निवडून टाकलं होतं. मग तिने एक सवय लावली, प्रश्नात 'नॉट' दिसलं की रफ कागदावर मोठी फुली मारायची आणि मगच पर्याय वाचायचे. सात प्रश्न, सात मार्क, आणि त्यासाठी ऑरगॅनिकचं एक पानही परत वाचावं लागलं नाही.

तिसऱ्या फेरीत स्पीड येत नसेल तर तुम्ही बोर्डासारखं सोडवताय असं समजा. दोन उदाहरणं घ्या.

गणितात प्रश्न येतो: शून्य ते पाय बाय टू, साइन एक्सचं वर्गमूळ भागिले साइन एक्सचं वर्गमूळ अधिक कॉस एक्सचं वर्गमूळ, याचं इंटिग्रेशन. बोर्डात आपण एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालतो, दोन समीकरणं मांडतो, बेरीज करतो, अर्धं पान भरतं. सीईटीत या आकाराचा प्रश्न ओळखायचा आणि वरच्या-खालच्या मर्यादेतल्या फरकाचा अर्धा करायचा, उत्तर पाय बाय फोर. दहा सेकंद. वर्गमूळाच्या जागी घन आला, पाचवा घात आला, उत्तर तेच. पण हे दहा सेकंदात यायचं तर ते अर्धं पान एकदा तरी स्वतः लिहिलेलं पाहिजे, नाहीतर आकार थोडा बदलला की मुलं भलतीकडे पण तोच नियम लावतात.

केमिस्ट्रीत: फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन ९० टक्के व्हायला २० मिनिटं लागली, ९९ टक्के व्हायला किती? मुलं आधी रेट कॉन्स्टंट काढतात, मग परत सूत्रात घालतात. ९० टक्क्यांना लॉग १० येतो, ९९ टक्क्यांना लॉग १००, म्हणजे बरोबर दुप्पट, ४० मिनिटं. ९९.९ टक्क्यांना तिप्पट. हे सूत्रांच्या पानावर लिहा.

सीईटीत कॅल्क्युलेटर नाही आणि लॉग टेबलही नाही. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, लॉग ५ म्हणजे ०.६९९०, लॉग ७ म्हणजे ०.८४५१, हे चार पाठ करा, बाकीचे यांतूनच निघतात. ३० पर्यंतचे वर्ग, १२ पर्यंतचे घन, रूट २, रूट ३, रूट ५ च्या किमती तोंडावर पाहिजेत. आणि पर्याय आधी बघा, चारही पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर शेवटच्या दशांशापर्यंत भागाकार करत बसायचं कारण नाही. फिजिक्समध्ये दोन पर्याय तर नुसत्या युनिटवरून उडतात.

तपासणी: धडा 'झाला' असं कधी म्हणायचं? तिसऱ्या फेरीत २० पैकी १६ बरोबर, दिलेल्या वेळेत. त्याच्या खाली असेल तर धडा झालेला नाही, क्लासमध्ये शिकवून झाला तरीही.

## टप्पा ६: बोर्ड आणि सीईटी एकत्र कसं

जानेवारी आला की मुलं एमसीक्यू पूर्ण बंद करतात. बोर्ड महत्त्वाचं आहेच, इंजिनिअरिंगला पात्र ठरायला पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, आणि बारावीचे मार्क आयुष्यभर सोबत राहतात. पण पूर्ण बंद केलं की दोन महिन्यांत हात जड होतो.

म्हणून रोज एकच काम: १८ मिनिटांचा एक संच. सकाळी चहाच्या आधी किंवा रात्री जेवल्यावर, एक दिवस फिजिक्स, एक दिवस केमिस्ट्री, एक दिवस गणित. तपासायला आणखी दहा मिनिटं. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या दिवशी सुट्टी. यापेक्षा जास्त या काळात करू नका, मुलांवर ताण येतो आणि मग दोन्ही बिघडतं, हे मी फार जवळून बघितलंय.

## टप्पा ७: पूर्ण पेपर, तोही खऱ्यासारखा

खरं तर महिन्यातून एक पूर्ण पेपर दिवाळीनंतर लगेच सुरू करायचा, सिलॅबस राहिला असला तरी. न झालेल्या धड्यांचे प्रश्न ओळखून सोडायची सवयही लागते. बोर्ड संपलं की मग एक दिवसाआड.

पेपर कसा द्यायचा त्याचे नियम:

१. वेळ तीच, सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी २ ते ५. दोन्ही वेळांचा सराव पाहिजे, कारण शिफ्ट कोणती येईल ते आपल्या हातात नाही, आणि दुपारी जेवून गणित सोडवणं हे वेगळंच काम आहे.

२. कॉम्प्युटरवर. मोबाइलवर पलंगावर लोळून दिलेला मॉक, म्हणजे सराव पेपर, धरायचा नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर गावातल्या सायबर कॅफेत किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये तीन तास मागून घ्या, निदान पाच-सहा पेपर तरी तसे द्या. स्क्रीनवरचा प्रश्न वाचून खाली रफ कागदावर सोडवताना मान सतत वर-खाली होते, आकडा उतरवताना चुकतो, माऊस हातात नीट बसत नाही, हे सगळं पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी होऊ नये. सीईटी सेलच्या साइटवर सरावाची लिंक येते ती जरूर वापरा, बटणं कुठे आहेत ते कळतं. उत्तर निवडलं की 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबूनच पुढे जायचं ही सवय लावा.

३. पहिल्या भागात आधी केमिस्ट्री. ३५ मिनिटांत ५० प्रश्न एकदा फिरून यायचं, थिअरीचे प्रश्न पंधरा-वीस सेकंदात होतात, तिथे वाचलेला वेळ फिजिक्सला जातो. मग फिजिक्स ५० मिनिटं. शेवटची ५ मिनिटं राहिलेल्यांसाठी. ज्यांचं फिजिक्स फार चांगलं आहे त्यांनी उलटं करून बघावं, पण सहा-सात मॉकमध्ये तपासून एकदा ठरवलं की मग परीक्षेपर्यंत बदलायचं नाही.

४. गणितात तीन चकरा. पहिल्या चकरेत ४५ मिनिटं, वाचल्या वाचल्या रस्ता दिसतो तेवढेच प्रश्न. लॉजिक, मॅट्रिसेस, एलपीपी, पेअर ऑफ लाइन्स, व्हेक्टर्स, बायनोमियल डिस्ट्रिब्युशन इथे बरेचसे पटकन होतात. दुसऱ्या चकरेत ३५ मिनिटं, रस्ता माहीत आहे पण लांबचा आहे असे, इंटिग्रेशन, ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह वगैरे. शेवटची १० मिनिटं उरलेल्यांसाठी.

५. एकही प्रश्न कोरा नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, तर कोरा सोडणं म्हणजे मार्क टाकून देणं. गणितात दहा प्रश्न राहिले आणि नुसता अंदाज लावला तरी चारात एक या हिशोबाने सरासरी पाच मार्क येतात, आणि एखादा पर्याय आधीच उडवता आला तर त्याहून जास्त. शेवटच्या दोन मिनिटांत हेच काम.

सावध: दीड मिनिट झालं आणि गणित हलत नाही, तर सोडा. "एवढं केलंय तर पूर्णच करतो" या हट्टाने पाच मिनिटं जातात आणि पुढचे तीन सोपे प्रश्न बघायचेच राहतात. हुशार मुलांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण त्यांना हरणं आवडत नाही.

मॉक झाला त्याच दिवशी त्याची चिरफाड, आणि तिला पेपरइतकाच वेळ द्या. बरोबर आलेले पण दोन मिनिटांच्या वर गेलेले प्रश्नसुद्धा वहीत लिहायचे. मार्कांचा आलेख काढू नका, मुलं त्याच्याकडे बघून खचतात, एक पेपर अवघड असला की आलेख खाली जातो. त्यापेक्षा दर मॉकमधले 'नीट वाचलं नाही' आणि 'आकडेमोड' किती ते मोजा. तो आकडा उतरत असेल तर तयारी बरोबर चालली आहे.

## टप्पा ८: शेवटचा आठवडा आणि तो दिवस

नवीन धडा नाही, नवीन पुस्तक नाही. धड्यांची ती एक-एक पानं, चुकांची वही, केमिस्ट्रीच्या पुस्तकातल्या चौकटी आणि कोष्टकं. शेवटचा मॉक परीक्षेच्या तीन दिवस आधी.

हॉल तिकीट आलं की लगेच नाव, ग्रुप, सेंटर, शिफ्ट आणि रिपोर्टिंगची वेळ वाचा. सेंटर बऱ्याचदा शहराच्या बाहेरच्या एखाद्या कॉलेजात असतं, नकाशावर दहा किलोमीटर दिसलं तरी एसटी किंवा शहर बस तिथपर्यंत जातेच असं नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन या. एप्रिल-मेचं ऊन आहे, दुपारची शिफ्ट असेल तर घरातून लवकर निघा, पोटात हलकं जेवण, सोबत पाणी. हॉल तिकिटासोबत मूळ ओळखपत्र, मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका.

पालकांना एक विनंती. गेटवर सोडताना "चांगलं लिही, आपलं सगळं यावर आहे" असं म्हणू नका. डब्यात काय दिलंय ते सांगा आणि कितीला घ्यायला येता ते सांगा, तेवढं पुरतं.

आत गेल्यावर स्क्रीनवरचं नाव आणि फोटो आपलाच आहे का बघा. माऊस अडकतोय, स्क्रीन अंधुक आहे, कीबोर्डला काही झालंय असं वाटलं तर पेपर सुरू व्हायच्या आधीच हात वर करा. मध्ये कॉम्प्युटर बंद पडला तर घाबरू नका, लगेच पर्यवेक्षकांना सांगा. पहिला भाग वाईट गेला तरी गणिताचे १०० मार्क अजून पूर्ण शिल्लक असतात, म्हणून मधल्या त्या क्षणी डोळे मिटून दहा श्वास घ्या आणि केमिस्ट्रीचा विचार तिथेच सोडा.

## टप्पा ९: पेपर झाल्यावर

दुसऱ्या दिवशी यूट्यूबवरच्या 'अपेक्षित कटऑफ'च्या मागे लागू नका. काही दिवसांनी लॉगिनमध्ये प्रश्न, तुमची उत्तरं आणि उत्तरतालिका येते. ती डाउनलोड करून ठेवा. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते, पण आधी पाठ्यपुस्तकातलं पान किंवा पूर्ण सोडवणूक हातात असू द्या, नुसतं वाटतंय म्हणून पैसे घालवू नका.

मग निकाल येईपर्यंत एकच काम करायचं: कॉलेज आणि ब्रँचची यादी. मागच्या वर्षीच्या कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांचे, कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर असतात, आपल्या प्रवर्गाचा रकाना बघून, घरापासूनचं अंतर, होस्टेल, फी धरून चाळीस-पन्नास नावं कागदावर आधीच मांडा. क्रम लावताना मनापासून हवं ते सगळ्यात वर, 'मिळेल की नाही' याचा विचार न करता, कारण वरचा पर्याय मिळाला नाही तर सिस्टीम आपोआप खालच्याकडे येते, वर अशक्य नाव लिहिल्याने खालचं जात नाही. आणि पहिल्या नंबरला जे लिहाल ते पहिल्याच फेरीत मिळालं तर तीच सीट पक्की धरली जाते, मग पुढच्या फेरीत बदलायला जागा राहत नाही. म्हणून पहिला नंबर लिहिण्याआधी त्या कॉलेजला एकदा स्वतः जाऊन या, तिथे शिकणाऱ्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठून लॅब आणि प्लेसमेंटबद्दल विचारा, आणि मगच तो आकडा टाका.